ब्रेकच्या रबरांची पुडी

गेल्या रविवारी वहिनीने फोन करून ठाकुर्लीला बोलावलं. दादाला जाऊन तीन महिने झाले... त्याची हत्यारांची पेटी मी घेऊन जावी, एवढंच तिचं म्हणणं होतं.

पेटी आमच्या पिकअपची, गाडी गेल्यावर दादाकडे राहिलेली. ब्याण्णवच्या सुमारास आम्ही दोघा भावांनी मंडपाचं सामान वाहायला एक सेकंडहॅण्ड छोटी पिकअप घेतली. आरसीबुकावर नाव दादाचं, चालवायचाही तोच. देखभाल माझ्याकडे.

मला त्या गाडीचं भारी वेड. आरसे, हॉर्न, सीटकव्हर, हौद्याच्या फळ्या... कंपनीचं एकेक काढून बाजारातलं बसवत सुटलो होतो. आता कंपनीचं नुसतं नाव उरलंय, असं दादा चिडवायचा.

काम शहाडच्या हनीफमिस्त्रींकडे. काढलेला जुना पार्ट, अगदी साधा वॉशर असला तरी, गाडीमालकाच्या हातात द्यायचा हा त्यांचा नेम. बाकी माणूस अबोल.

एका लग्नाच्या आदल्या दिवशी ब्रेक ढिला वाटायला लागला. ओरिजनल रबर किट यायला चार दिवस लागणार होते आणि सकाळी आंबिवलीला मांडव पोचवायचा होता. मी लोकल किट घेऊन गेलो. हे रबर ब्रेकच्या तेलात फुगतं, नको टाकूस, असं मिस्त्री दोनदा म्हणाले. मी हट्टाने बसवून घेतलं... आणि दादाला ओरिजनल म्हणून सांगितलं.

आठ दिवसांनी पुलाच्या उतारावर पेडल थेट खाली गेलं. समोर माणसं होती, म्हणून दादाने गाडी कठड्यावर घातली. माणसं वाचली. दादाच्या उजव्या पायात रॉड बसवावा लागला, आणि तो कायमचा लंगडत चालू लागला.

गाडी टोचन करून मिस्त्रींकडे आणली. मी त्यांच्या अक्षरशः पाया पडलो, दादाला सांगू नका म्हणून.

"मी तोंडाने काय बोलणार नाय," एवढंच ते म्हणाले.

शब्दाला जागले. दादानेही मला कधी काही विचारलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत मी टाळत राहिलो... गाडी भंगारात गेली तरी माझं तोंड उघडलं नाही.

अपघातानंतर गाडी मी चालवू लागलो. तेव्हापासून ब्रेकचं काहीही आणायचं असलं की दादा बरोबर यायचा. घरी कंटाळा येतो म्हणायचा. कल्याणच्या त्या दुकानाला चार उंच पायऱ्या होत्या, त्या एकेक करत चढायचा आणि प्रत्येक पार्ट हातात घेऊन उलटसुलट बघायचा. खरं सांगतो, मला वैताग यायचा.

रविवारी पेटी उघडली. पान्यांच्या खाली वर्तमानपत्राची एक पिवळी पुडी होती. आत तीन रबरं... फुगलेली, कडा फाटलेली. बघताक्षणी ओळखली.

मी वहिनीकडे बघितलं. ती शांतपणे म्हणाली, "मिस्त्री हॉस्पिटलात येऊन ह्यांच्या हातात देऊन गेलेले. हे मला म्हणाले, त्याला दाखवू नकोस. तो परत कधी पान्याला हात लावणार नाही."

मी ती रबरं परत कागदात गुंडाळली.

म्हणजे पहिल्याच आठवड्यात दादाला सगळं कळलं होतं. पुढची सगळी वर्षं मी त्याच्यापासून लपवत होतो आणि तो माझ्यासाठी लपवत होता. त्या पायऱ्याही तो माझ्यासाठीच चढत होता... गाडी आता मी चालवत होतो ना.

पुडी घरी आणली आहे. काल बायकोला आणि मुलांना सांगितलं, आज इथे लिहितोय.

दादा, ते किट लोकल होतं. मीच टाकलेलं रे...