यमुना कळंबे जंगलात एकटी राहून आली

मोहगावात आमच्या भिंतीला भिंत लावून यमुना कळंबे राहते. पन्नाशी ओलांडलेली, आवाज खणखणीत, गुडघे अजून शाबूत. नवरा नत्थूजी. साखरेच्या आजाराने त्यांची नजर अधू झाली तेव्हापासून घरची संत्र्याची पिकअप यमुना चालवते. तिला कोणी कौतुकाने शिकवलं नाही. माल तोडून पडला होता, भाड्याचा ड्रायव्हर कुणाच्या तरी लग्नाला गेला होता आणि नत्थूजींना रस्त्यावरची म्हैस गाडी तिला धडकेपर्यंत दिसत नव्हती, म्हणून ती स्टिअरिंगवर बसली. आता बहार असला की पांढुर्ण्याच्या मंडीत माल तीच नेते, आणि गाव म्हणतं, बाई असावी तर अशी.

तीच बाई या जानेवारीत म्हणाली, मला गाडी घेऊन जंगलात एक रात्र राहायचं आहे, एकटीला. लगेच गावाला तिच्या डोक्याची काळजी वाटायला लागली. घरासाठी चालवली तर हुशार, स्वतःसाठी चालवली तर वेडी. असल्या हिशेबाचा मला फार कंटाळा आहे.

आंबिया बहाराची संत्री तोडून झाली होती. झाडं ताणावर सोडली होती, म्हणजे पुढची फुलं यावीत म्हणून त्यांचं पाणी तोडलं होतं. या दिवसांत बागेत काम नसतं. म्हणून दरवर्षी यमुनाला नागपूरला मुलाकडे पाठवतात, नातवंडं सांभाळायला. त्याला हे लोक विश्रांती म्हणतात.

सिल्लेवानीच्या घाटाखाली एका नाल्यापलीकडे मोकळी जागा आहे. कधीमधी छिंदवाड्याला माल नेताना ती जागा तिला वरून दिसायची.

"इतके वर्षं वरूनच पाहून राहिली मी, काकू," ती मला म्हणाली. "थांबता येत नाही. मागं माल असते."

घरात बैठक बसली तेव्हा मी तिथेच होते. धाकटा दीर नितीन खाटेवर, मुलगा मंगेश नागपूरहून फोनच्या स्पीकरवर, नत्थूजी कोपऱ्यात शेंगा सोलत.

"वहिनी, तिथं पाहाचं का आहे?" नितीन म्हणाला. "झाडंच ना? आपल्या वावरात का कमी आहेत?"

"वावरातल्या झाडाले पाहतो तं मले कीडच दिसते, भाऊजी."

"आई, फिरायचंच असेल तर इकडे ये," फोनमधून मंगेश. "मॉल दाखवतो तुला."

"पोरं सांभाळून झाल्यावर दाखवशील ना?"

मग नितीन मूळ मुद्द्यावर आला. वर्षभरापासून त्याच्या आणि मंगेशच्या मनात होतं की पिकअप विकावी आणि बाग व्यापाऱ्याला उक्ती देऊन टाकावी. तोडणीही त्याची, गाडीही त्याची. म्हणजे यमुनाला मंडी बंद, रस्ता बंद, आणि पुन्हा चूल.

"नाल्यात गाडी फसली आन् आमाले ट्रॅक्टर घेऊन धावा लागलं, तं मंग?"

"तं विकून टाका गाडी. मी तोंड उघडनार नाही," यमुना म्हणाली. "पन कोनाले न बोलावता वापस आली, तं या घरात विकाचं नाव काढाचं नाही. कबूल?"

"कबूल," नितीन हसत म्हणाला. त्याला वाटलं, सौदा झालाच.

"मी ऐकलंय हं, नितीन," मी म्हटलं. नंतर नाही म्हणायची सोय नको.

निघताना तिने एक चूक केली. ऐसपैस झोपता यावं म्हणून मागची सगळी कॅरेटं, संत्र्याचे ते प्लास्टिकचे खोके, उतरवून ठेवली. संत्र्याच्या गाडीवाल्याला रिकाम्या गाडीची सवयच नसते. जाताना माल असतो, येताना कॅरेटं, खत, नाहीतर गावातली चार माणसं. त्या दिवशी मागे फक्त बारदान्याच्या पोत्यांत भाताचं तणस भरून केलेली गादी, ताडपत्री, फावडं, पाण्याची कॅन आणि छोटा गॅस होता.

वनखात्याच्या नाक्यावर गार्डने गाडीचा नंबर लिहून घेतला. गौतम त्याचं नाव. नाल्यापलीकडेच राहा, आग पेटवू नका, म्हणाला. मग गाडीत डोकावला.

"और कौन है साथ में?"

"स्टेपनी आहे," यमुना म्हणाली.

कोरडा नाला उतरताना गाडी आपोआप घसरत गेली आणि त्याच जोरात पलीकडे चढली. सागाखाली गाडी लावून तिने चहा केला. ऊन कलल्यावर रोह्यांचा कळप आला. रोही, म्हणजे नीलगाय, आमच्याकडे पिकाचा वैरी. दिसला की माणूस आधी दगड शोधतो, मग बघतो. यमुनानेही दगड उचलला होता. मग तिच्या लक्षात आलं की इथे आपलं काहीच पेरलेलं नाही. दगड टाकून ती बसली आणि अंधार पडेपर्यंत त्यांना पाहत राहिली. "लय सुंदर असते, काकू. मले माहीतच नव्हतं," असं मला सांगताना ती जरा चिडलेलीच होती.

भाकर-ठेचा खाऊन झोपली. भीती वाटली का, असं मला बऱ्याच बायांनी विचारलं. वाटली. तरी झोपली.

सकाळी नाल्याने इंगा दाखवला. परतीचा काठ उभा आणि वाळू भुसभुशीत. चाकं जागच्या जागी फिरली आणि रुतली. जितकी रेस द्यावी तितकी गाडी खाली बसे. ओझं मागे असतं तर चाकांनी वाळू धरली असती. मागे होतं तणस.

तेवढ्यात काठावर गौतमची मोटरसायकल आली.

"ट्रॅक्टर बुलवा दूँ? रामाकोन्यात आपला ओळखीचा आहे."

रामाकोन्यातून ट्रॅक्टर निघाला असता तर तो नाल्यापर्यंत पोचायच्या आधी बातमी मोहगावात पोचली असती. नितीनने हातातला चहा टाकून गिऱ्हाईक शोधलं असतं.

"नको. पाहाचं असन तं पाहा, हात लावाचा नाही," यमुना म्हणाली.

"गुस्सा क्यों कर रही हो, काकी?"

"तुमच्यावर नाही. गाडीवर आहे."

तिने गादी फोडली. तणस काढून चाकांपुढे दाबून पसरलं. रिकामी पोती वाळूने भरली आणि एकेक छातीशी धरून मागच्या चाकांच्या वर रचली. चाकांची थोडी हवा सोडली. पहिल्या खेपेला गाडी हातभर चढून परत खाली आली. तिने खाली उतरून आणखी पोती भरली. कंबर धरली, घटाघटा पाणी प्यायली, गाडीला माझ्या लेखणीत न बसणारे शब्द वापरले. दुसऱ्या खेपेला मागचा भाग दबून बसला, तणस चाकांत चरचरलं आणि पिकअप काठावर आली. गौतम खरोखर मोटरसायकलवरून उतरला नाही, याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. वाळू तिने पुन्हा नाल्यात ओतली, पोती झटकली, निघाली.

दुपारी ती अंगणात गाडी लावत होती तेव्हा नितीन पांढुर्ण्याच्या एका माणसाला घेऊन आधीच बसलेला. गाडी बघायला आणलेलं गिऱ्हाईक. यमुनाचे केस, नखं, पदर, सगळं वाळूने भरलेलं.

"फसली होती ना?" नितीनने विचारलं. त्याचा चेहरा उजळला होता.

"फसली होती."

"मी म्हनलं नव्हतं?"

"फसाची गोष्ट नव्हतीच झाली, भाऊजी. कोनाले बोलवाची झाली होती. कोन आलं होतं काढाले, सांगा?"

नितीनने माझ्याकडे पाहिलं. मी कुंपणाशीच उभी होते, आणि मला काही त्याची दया आली नाही. "तू कबूल म्हणाला होतास," मी म्हटलं.

त्या पांढुर्ण्याच्या माणसाला यमुनाने स्वतः चहा करून दिला आणि गाडी विकायची नाही म्हणून सांगितलं. तो बिचारा बशीतला चहा संपवून गेला. मंगेशचा फोन आला, तोही तिने घेतला. "हो, ठीक आहे. हौस झाली आता म्हनू नको, मंगेश. अजून व्हाची आहे," एवढंच बोलली.

नत्थूजी मात्र बाहेर आले. हाताने चाचपत गाडीच्या फाळक्यापर्यंत गेले, तिथे चिकटलेली वाळू बोटांनी चोळून पाहिली.

"कसं होतं वं तिकडं?"

तिने रोह्यांचं सांगितलं. ते मान हलवत ऐकत राहिले. मग हळूच म्हणाले, "पुढच्या खेपेले मले नेशीन?"

यमुनाने जरा विचार केला. ती नवऱ्यावर जीव टाकणारी बाई आहे, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे.

"त्याच्या पुढच्या खेपेले नेतो," ती म्हणाली. "पुढच्या खेपेलेही मी एकटीच जानार आहे."