पिवळे दिवे

गेल्या रविवारी मुरबाडच्या पुढे जे झालं, ते अजून माझ्या पचनी पडलेलं नाही. लिहून टाकलं तर बरं वाटेल, म्हणून ही पोस्ट...

माझ्याकडे एक जुनी, सेकंडहँड टू-सीटर आहे. छत उघडतं, इंजिन लहान, आवाज शिलाई मशीनसारखा. वाशिंदच्या कारखान्यात नोकरी करून स्वतःच्या हिमतीवर घेतलेली. आमच्या गल्लीत तिचा केवढा तोरा! पण स्पोर्ट्स कारवाल्यांच्या ग्रुपमध्ये गेले आणि पहिल्याच दिवशी कळलं, की तिथे आधी "किती सीसी?" विचारतात, मग नाव.

ग्रुपचे म्होरके नितीन सर. त्यांची गाडी हिरवी, परदेशी, जमिनीला टेकलेली. माझ्या गाडीला ते लाडाने 'खेळणं' म्हणायचे. सगळे हसायचे, मीही हसायचे... आणि घरी येऊन गाडीवर ताडपत्री ओढून टाकायचे.

शेवटी विकायचं ठरवलं. गिऱ्हाईकही नितीन सरांनीच बघून दिलं होतं, रविवारी संध्याकाळी येणार होतं. म्हणजे ही आमची शेवटची ड्राइव्ह.

दसरा नुकताच झालेला. सणाला आलेल्या मावशीला टोकावड्याच्या पुढे तिच्या गावी सोडायचं होतं, म्हणून तिलाच शेजारी बसवलं. सकाळी शहापूरला सगळ्या गाड्या जमल्या. नितीन सर आले, माझ्या बंपरवरचा झेंडूचा हार आणि लिंबू-मिरची बघून म्हणाले, "हे काढ बाई, फोटो खराब होतो. आणि तू सगळ्यात मागे राहा."

मी काढलं. मावशीने स्वतः ओवून बांधलेला हार होता तो... तिच्याकडे न बघता डिकीत टाकला.

सरळगाव मागे पडलं आणि धुकं लागलं. दोन्ही बाजूंना पिकलेलं भात होतं, तेही दिसेना. सगळ्यांवर लक्ष ठेवायला मागे राहिलेल्या नितीन सरांची गाडी माझ्या लगेच पुढे होती, तिच्या लाल दिव्यांवर नजर ठेवून मी चालवत होते.

तेवढ्यात मावशीने माझा हात धरला. "थांब गो. वाघोबा आला."

रस्त्याच्या कडेला शेंदूर लावलेला दगड आहे, त्यावर वाघ कोरलेला. मावशीच्या गावची रीत अशी, की गाडी नवी असो की जुनी, मालकाने पहिल्या खेपेला तिथे इंजिन बंद करायचं, उतरून एक हिरवी डहाळी वाहायची आणि मग पुढे जायचं. मी म्हटलं, मावशी, सगळे पुढे जातील गं. ती म्हणाली, "जाऊंदे. आपुन नाय जायाचा तसा."

थांबले. लाल दिवे धुक्यात विरले. इंजिन बंद केलं आणि एवढी शांतता झाली की माझाच श्वास मला ऐकू येऊ लागला... पाखरूसुद्धा नाही.

डहाळी ठेवून वाकले, तेव्हा मागे गवत दबल्याचा आवाज आला. सावकाश, वजनदार. ओल्या जनावरासारखा उग्र वास आला. मावशी कानाशी पुटपुटली, "मागं नको बघू."

नाही बघितलं. जे काही होतं ते आमच्या अगदी जवळून रस्त्यावर गेलं आणि गाड्या गेल्या त्याच दिशेने निघून गेलं. मी वाकलेलीच राहिले. मावशी मात्र हात जोडून उभी होती, घरचं वडीलधारं माणूस दारावरून गेल्यासारखी.

घाटाच्या पायथ्याला चहाच्या टपरीवर सगळे थांबले होते. उशीर झाला म्हणून बोलणी खायची तयारी ठेवूनच मी उतरले. नितीन सर तावातावाने माझ्याकडे आले.

"इतकं चिकटून चालवतात का? आणि दिवे कसले लावलेत, पिवळे?"

मी म्हटलं, सर, मी मागे नव्हतेच. वाघोबाला थांबले होते.

त्यांना पटेना. म्हणाले, "टपरीपर्यंत दोन पिवळे दिवे माझ्या मागे होते. जमिनीलगत. मी वेग वाढवला की तेही जवळ यायचे. काच खाली केली, तर इंजिनचा आवाज नाही..."

मी माझे दिवे लावून दाखवले. पांढरे शुभ्र. नितीन सर कितीतरी वेळ त्या दिव्यांकडे बघत राहिले. माझ्या गाडीकडे त्यांनी एवढं निरखून कधीच पाहिलं नव्हतं.

मावशी बशीत चहा ओतत म्हणाली, "त्याला गाडी मोठी-बारकी नाय कलत रे बाबा. कोन थांबला, कोन नाय, येवढाच बघतो."

कोणी हसलं नाही.

मावशीला तिच्या दारात सोडून टपरीवर परत आले, तर सगळे माझी वाट बघत होते. नितीन सर हळूच म्हणाले, "परत जाताना तू पुढे राहा."

निघण्याआधी डिकीतून हार काढला आणि बंपरला बांधला. वाघोबापाशी आले, इंजिन बंद केलं. मागे एकेक करून सगळ्या गाड्यांचे आवाज बंद होत गेले. मोठाली इंजिनं ती, पण शांतता तेवढीच झाली, सकाळी माझ्या एकटीची झाली होती तेवढीच. नितीन सर डहाळी घेऊन उतरले... नव्या बुटांनी, चिखलात.

तिथून पुढे छत उघडलं. ऊन पडलं होतं, वाऱ्याला भाताचा वास होता आणि माझं शिलाई मशीन चाळीसच्या वेगाने मजेत चाललं होतं. मागे एवढ्या दांडग्या गाड्या, पण एकानेही हॉर्न दिला नाही की ओव्हरटेक केलं नाही. मी मोठ्याने गात होते.

किन्हवलीला गाडी बाजूला घेऊन गिऱ्हाइकाला फोन केला, गाडी विकायची नाही म्हणून सांगितलं.

तो वाघोबा होता की नितीन सरांच्या मनातली भीती, मला माहीत नाही. पण त्याने मला माझी गाडी परत दिली... म्हणून आता त्या रस्त्याने गेले, की कितीही घाई असली तरी मी थांबते. आणि मागे बघत नाही.