माया न सोडता बेतलेले फ्रॉक

माझी भाची पुण्यात तयार कपड्यांच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर कपडे बेतते. स्क्रीनवर बाही इकडे सरकवायची, खिसा तिकडे फिरवायचा, आणि कमीत कमी कापड वाया जाईल अशी मांडणी जमली की मोठं यंत्र लांबलचक कागदावर सगळे आकार आखून देतं. तिने हे मला हौसेने दाखवलं आणि मला आमचा मेहकरचा शिवणमास्तर आठवला. इतकी वर्षं झाली, तरी त्या माणसाबद्दल माझ्या मनात एक बरा शब्द नाही.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालेलं होतं. गावोगावी महिला मंडळं निघत होती आणि आमच्या मंडळाने शिवणवर्ग काढला. मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते. वडील कचेरीत कारकून. त्यांनी माझं नाव घातलं. शिकवायला मुंबईच्या कारखान्यात कापड बेतण्याचं काम केलेला एक मास्तर आणला होता. पांढरीशुभ्र पँट, खिशाला दोन पेनं, आणि बायकांशी बोलताना नजर आमच्या डोक्यावरून पलीकडे. कोणी "मले" म्हणालं की तो हात वर करून थांबवायचा. "मले नव्हे, मला. आधी जीभ बेता, मग कापड."

वर्गात जानेफळची एक बाई रोज एसटीने यायची. नवऱ्याने टाकलेली, भावांच्या घरी राहणारी. शिवणाचं प्रमाणपत्र मिळालं तर भावजयांच्या हाताखालून सुटेन, एवढाच तिचा हिशेब होता. तिची माझी गट्टी जमली.

त्या वर्षी मुलींच्या शाळेचे फ्रॉक शिवायचं काम मंडळाला मिळालं. आकाशी रंगाचे तागे आले. मास्तराने सतरंज्यांवर कापड अंथरलं, तपकिरी कागदाचे नमुने काढले आणि गुडघ्यांवर रांगत मांडणी सुरू केली. त्यात त्याचा हात बसलेला होता, हे मी नाकारत नाही. गळ्याच्या गोलाईत खिसा बसायचा, दोन बाह्यांच्या मधल्या फटीत कॉलर. बोटभर जागा मोकळी राहिली की त्याला करमायचं नाही. मंडळाच्या अध्यक्षीणबाई खुर्चीत बसून बघत होत्या. त्या इथल्या मोठ्या जमीनदारांच्या घरच्या. प्रत्येक तुकडा सरकला की "वा मास्तर" म्हणायच्या.

जानेफळची खाली वाकली, शिवणीत दाबायला कडेने जादा कापड सोडतात ते शोधत दोन नमुन्यांच्या मधून तिने बोट फिरवलं. "मास्तर, शिवणीले माया कुठी सोडली तुम्ही?"

"माया घरी मुलाबाळांवर करायची. इथे कापड वाचवायचं."

अध्यक्षीणबाई हसल्या म्हणून बाकीच्याही हसल्या. तिला मूल नव्हतं, हे मास्तराला चांगलं ठाऊक होतं. ती हसली नाही. "बरं, कापड तरी पाण्यातून काढून घ्या. पहिल्या धुण्यात आटते हे."

"मिलचं कापड आहे बाई, तुमच्या बाजारातलं नाही."

झालं. काठाला चिकटून आम्ही शिलाई मारली, कारण त्याहून आत जायला कापडच नव्हतं. फ्रॉक वाटले गेले. घरोघरी एकदा धुतले गेले. मग शाळेच्या मैदानावर पाहुण्यांसमोर कवायत झाली.

मास्तर पाहुण्यांच्या मागे उभा होता, आपणच मुली जन्माला घातल्यासारखा. शिट्टी वाजली, "हात वर!" झालं, आणि ओळीच्या ओळी काखेत टरकल्या. आवाज ऐकू आला इतक्या. मोठ्या मुलींनी हात झटकन खाली घेतले. पुढच्या ओळीतली एक लहानगी दोन्ही कोपरं अंगाशी दाबून उभी राहिली, शिट्टी वाजत राहिली तरी हलली नाही, आणि तिच्या गालावरून पाणी वाहत होतं. पाहुणे कौतुकाने मान डोलावत होते. त्यांना बहुतेक तो कवायतीचाच भाग वाटला.

दुसऱ्या दिवशी मास्तराने वर्गात जाहीर केलं, "जानेफळच्या बाईंची शिलाई कच्ची आहे. यांना प्रमाणपत्र मिळणार नाही." फ्रॉक आम्ही सगळ्यांनी शिवले होते. आणि शिलाई उसवलीच नव्हती. दोरा शाबूत होता, काठाचं कापड त्यातून निसटलं होतं. मी उठून तेवढं बोलले, तर मला म्हणाला, "तुमचंही नाव लिहू का?"

त्या संध्याकाळी आम्ही दोघी अध्यक्षीणबाईंच्या घरी गेलो. ओसरीवर पोचलो आणि जागच्या जागी थांबलो. खिडक्यांना, दारांना, माजघराच्या कमानीला नवेकोरे पडदे लावलेले होते. आकाशी. खाली चांगली वीतभर दुमड घातलेली.

अध्यक्षीणबाई बाहेर आल्या, आम्ही कुठे बघतोय ते त्यांनी बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. वाचवलेलं कापड कुठे मुक्कामाला आलं होतं ते आता सांगायची गरज नव्हती. जानेफळची शांतपणे म्हणाली, "बाई, फ्रॉकले काखेत पट्ट्या जोडा लागते. याच रंगाचं कापड पाह्यजे. हे पडदे द्या."

"अगं, ते... मास्तरांनी उरलेलं म्हणून दिलं."

"हाव. उरलेलंच द्या."

सकाळी गड्याबरोबर पडद्यांचं गाठोडं वर्गावर आलं. सोबत निरोप: बाईंनी शाळेच्या मुलींसाठी घरचे पडदे भेट दिलेत. आम्ही ते कापले, पट्ट्या केल्या, एकेक फ्रॉक उसवून नीट केला. मास्तर त्या आठवड्यात आजारी पडला.

वर्गाच्या निरोपसमारंभात अध्यक्षीणबाईंच्या त्यागावर भाषणं झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मास्तराला सत्काराचा नारळ मिळाला आणि पाठोपाठ बुलढाण्याला शिवणवर्ग तपासायची वरची जागाही. प्रमाणपत्रं आम्हा दोघींनाही मिळाली. ती अडवून ठेवायची अध्यक्षीणबाईंची आता छाती नव्हती. भाषणं चालू असताना मी जानेफळचीला म्हणाले, "काऊन ऐकून राह्यली तू हे?"

"कागद हाती पडू दे. मंग कोन ऐकते या लोकायचं."

कागद हाती पडल्यावर ती खरंच उठली, कोणाला नमस्कार न करता स्टँडवर गेली. मी शाळेत शिवण शिकवायला लागले. तिने जानेफळात रस्त्यालगत खोली घेतली आणि मशीन टाकलं. मास्तर एकदा जीपमधून तपासणीच्या दौऱ्यावर तिकडे गेला होता, ते तिनेच मला सांगितलं. दारात उभा राहून तो म्हणाला, "ओळखलं का मला?" तिने मशीनवरचा पाय थांबवला नाही.

"थांबा जरा. एवढी बाही लावून होऊ द्या."

तो थोडा वेळ उन्हात उभा राहिला. तिने बाही लावली, मग दुसरी घेतली. जीप निघून गेली.