यासीनचाचांची नाल

गाडी दारात आली की यासीनचाचा आधी ड्रायव्हरशी बोलत नसत. बैलबाजारात जनावर पाहावं तशी गाडीभोवती एक चक्कर मारत आणि बोटं मिटून पत्र्यावर, मागच्या फाळक्यावर, चॅसीच्या लोखंडी चॅनेलवर टकटक करत जात. कान तिरपा, डोळे अर्धे मिटलेले. मध्येच थांबून म्हणत, "इथं आतून गंजलंय." ड्रायव्हरला खरं वाटत नसे. घासून पाहिलं की पत्र्याचा पापुद्रा हातात येई. मग चाचा माझ्याकडे पाहून म्हणत, "लोखंड खोटं बोलत नाही मास्तर. माणसाला कशाला विचारायचं?"

धुळ्यात हायवेच्या कडेला त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार लोखंडी खांब, वर पत्रे आणि पुढं जेमतेम एक ट्रक मावेल एवढी काळीकुट्ट जमीन. ट्रकच्या बॉड्या बांधणं आणि वेल्डिंग हा धंदा. माझी शाळा त्याच रस्त्यावर. तिथं मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. शाळा सुटली की घरी जाण्याआधी चाचांच्या बाकावर बसून चहा घ्यायचा, हा माझा नेम. घरच्यांना वाटे, शाळेत फार काम असतं.

चाचा माझ्याशी मराठी बोलत, घरात हिंदी आणि खेड्यापाड्यांच्या ड्रायव्हरांशी अस्सल अहिराणी. स्प्रिंगचा पाटा तुटून, फाळका निखळून रडकुंडीला आलेला ड्रायव्हर आला की ते त्याला खाली बसवत आणि सांगत, "भाऊ, बठ्ठं बराबर व्हई जाई. तू चा पी." आणि संध्याकाळपर्यंत सगळं ठीक झालेलंच असे. मला माझ्या वर्गातल्या मुलांच्या निकालाबद्दल कधी इतक्या खात्रीनं बोलता आलं नाही.

त्यांचे वडील नालबंद. टांग्यांच्या घोड्यांना नाल ठोकत. टांगे गेले, घोडे गेले, पण नालांनी भरलेला एक डालडाचा डबा मागं राहिला. नवी गाडी दारात आली की चाचा त्यातली एक नाल काढत, घासून लख्ख करत, "बिस्मिल्ला" म्हणत आणि पुढच्या लोखंडी बंपरवर वेल्डिंगचे दोन टाके मारून बसवून देत. मालक नारळ फोडत असला तर आधी त्याला फोडू देत, खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकत, मग मशीन चालू करत. नालेचे पैसे कधी घेतले नाहीत. कोणी विचारलं तर रागावत. "दुवा विकत मिळते काय रे?" डबा रिकामा होत आला की जुन्या बाजारातून नालांची भर घालत. सुरतेच्या रस्त्यावर नाल असलेला ट्रक दिसला की आम्ही धुळेकर ओळखायचो, ही यासीनचाचांची.

माझ्या धाकट्या भावानं, बापूनं, नवा ट्रक घेतला तेव्हा नाल कोण बसवणार हा प्रश्नच नव्हता. बापूचं काम यावलची केळी सुरतेला पोचवायचं. पहिला ट्रक म्हातारा होऊन गेला होता. नवा आला तेव्हा शोरूमच्या आवारात मी त्याच्या केबिनमध्ये चढून बसलो. बापू बाहेर हार बांधत होता. मला छापलेलं काही दिसलं की वाचल्याशिवाय राहवत नाही, हा धंद्याचा रोग. दाराच्या आतल्या बाजूला एक पिवळी पट्टी होती, इंग्रजीत. चष्मा सारखा करून ती वाचली. गाडीवर वेल्डिंग करण्याआधी बॅटरीची वायर काढा, इंजिनाच्या कम्प्युटरचा प्लग काढा, असं काहीसं होतं. वाचलं आणि खाली उतरलो.

चार दिवसांनी बापू यावलहून पहिलाच माल भरून निघाला आणि धुळ्यात चाचांच्या दारात थांबला. सकाळची वेळ होती, मीही सुटी काढून आलो होतो. चाचांनी चक्कर मारली, टकटक केली, खूश झाले. "पोरगी चांगली आणलीस बापू." नारळ फुटला. त्यांनी मशीनच्या अर्थिंगचा चिमटा मागं चॅनेलला लावला, पुढं येऊन काळी काच डोळ्यांवर ओढली. मी चहाचा ग्लास घेऊन तीन हातांवर उभा होतो. मला ती पट्टी आठवली. हे मी कोणापासून लपवलेलं नाही असं म्हणायची सोय नाही, कारण पुष्कळ दिवस लपवलं. आठवली, आणि वाटलं, पन्नास वर्षं वेल्डिंग करणाऱ्या माणसाला आपण काय सांगायचं? त्यांना माहीत असेलच. ठिणग्या उडाल्या. मी टाळ्या वाजवल्या.

बापूनं चावी फिरवली. स्टार्टर घर्र घर्र फिरला, इंजिन धरेना. पुन्हा फिरवली. समोरच्या काट्यांमध्ये एक पिवळा दिवा लागून राहिला. डिझेल पाहिलं, बॅटरी पाहिली, फ्यूज पाहिले. चाचांनी इंजिनावर कान ठेवला. टकटक केली. मग हात पुसत बाजूला झाले. त्या माणसाला गाडीपासून असं बाजूला होताना मी पहिल्यांदा पाहिलं.

दुपारी कंपनीच्या वर्कशॉपचा इंजिनिअर लॅपटॉप घेऊन आला. शांत, नीटनेटका माणूस. वायर जोडली, बराच वेळ पडद्याकडे पाहिलं. "इंजिनाचा कम्प्युटर उत्तरच देत नाही," म्हणाला. "जळलाय. गाडीवर वेल्डिंग केलं होतं का?"

"नाही," बापू म्हणाला. नवी गाडी होती, वॉरंटीचा प्रश्न होता. तो माझ्याकडे पाहत होता. मी जमिनीकडे.

"केलं की," चाचा म्हणाले. "मी केलं. आज सकाळी. ही नाल बसवली." आणि बोट दाखवलं. त्यांना काही लपवण्यासारखं वाटलंच नव्हतं.

इंजिनिअरनं मान हलवली. वेल्डिंगचा करंट चॅनेलमधून फिरून कम्प्युटरच्या डब्यात घुसतो आणि आतलं सगळं जाळतो, हे त्यानं चाचांना समजावून सांगितलं. आवाज चढवला नाही, त्यामुळे ऐकणं जास्तच अवघड झालं. वॉरंटीत बसणार नाही हेही सांगितलं. "दारावर सूचना लावलेली असते," तो म्हणाला, "पण वाचतं कोण?"

चाचा म्हणाले, "मी तर बंपरला टाका मारला. इंजिनाला हात नाही लावला." हे त्यांनी तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा अगदी हळू.

नवा कम्प्युटर पुण्याहून यायला नऊ दिवस लागले. केळी दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या ट्रकमध्ये चढवली, पण उन्हात एक दिवस काढलेली केळी ती, सुरतेच्या व्यापाऱ्यानं नाक मुरडतच घेतली. बापूनं चाचांना शब्दानं दुखवलं नाही. बोललाच नाही. समोरून जाताना मोबाइलमध्ये पाहत जायचा. आणि ते नऊ दिवस ट्रक चाचांच्याच दारात उभा. दुसरी गाडी आली तर आत यायला जागा नाही. चाचा त्याच्यासमोर स्टूल टाकून बसून राहत.

पाचव्या की सहाव्या दिवशी मला म्हणाले, "मास्तर, वाकडं असेल तर सरळ करीन. तुटलं असेल तर जोडीन. हे तापवता येत नाही, ठोकता येत नाही. बाहेरून बघितलं तर जसंच्या तसं आहे. ह्याला करू तरी काय?" आलेल्या कुणा ड्रायव्हरला ते त्या दिवसांत "बठ्ठं बराबर व्हई जाई" म्हणाले नाहीत. मी रोज घरून ठरवून निघायचो, आज सांगायचं. रोज चहा पिऊन परत यायचो.

कम्प्युटरचा डबा आला तो पुस्तकाएवढा. इंजिनिअरनं चार बोल्ट खोलून जुना काढला, नवा बसवला, प्लग दाबले. मग लॅपटॉपवरून त्यात गाडीचा चॅसी नंबर भरला. डिझेल फवारणाऱ्या प्रत्येक इंजेक्टरवर बारीक आकडे-अक्षरं कोरलेली असतात, तीही भरावी लागतात. "सर, तुम्ही वाचा, मी टाइप करतो," तो म्हणाला. मी वाकून, टॉर्च मारून, वर्गात वाचतो तशा खणखणीत आवाजात वाचून दाखवली. एकही चूक झाली नाही. चाचा मागं हात बांधून ऐकत होते. चावी फिरवली, इंजिन लगेच सुरू झालं. बापूनं डोळे पुसले. चाचांनी छिन्नी घेतली आणि नाल तोडायला वाकले. तेव्हा मात्र बापूनं त्यांचा हात धरला. "राहू द्या चाचा."

नाल राहिली, पण त्यानंतर चाचांनी गाडीला हात लावला नाही. फाटकं बनवत, खिडक्यांचे गज बनवत. ड्रायव्हर येऊन नाल मागत तर हात जोडत. "आते नही भाऊ. आते गाडीमा डोकं ऱ्हास." आता गाडीत डोकं असतं म्हणे, समोरच्याला वाटे, म्हातारा थट्टा करतोय. बापूनं दोनदा जाऊन विनवलं, ऐकलं नाही. मोहल्ल्यात बोललं जाऊ लागलं की यासीनचा हात गेला. हात काही गेला नव्हता. त्यांनी केलेलं माझ्या घराचं फाटक आजही नखाएवढं खाली बसलेलं नाही.

दोन वर्षांनी त्यांना छातीचं दुखणं लागलं. ते गेले त्याच्या महिनाभर आधी मी घरी भेटायला गेलो. खाटेवर बसले होते, पाठीला उशी. इकडचं तिकडचं झालं. मग मी सांगून टाकलं. पट्टी दारावर होती, चाचा. मी वाचली होती. तुम्ही काच डोळ्यांवर ओढली तेव्हा मला आठवलीही होती.

मला वाटलं होतं, रागावतील. रागावले असते तर मला बरं झालं असतं.

"काय लिहिलं होतं?" त्यांनी विचारलं.

मी मराठीत सांगितलं. आधी बॅटरीची वायर काढा. मग कम्प्युटरचा प्लग काढा. मग वेल्डिंग करा.

"बस?"

"एवढंच."

"दोन मिनिटांचं काम," ते म्हणाले. दोन्ही हात मांडीवर उताणे पडले होते, त्यांच्याकडे बघत राहिले. आतून त्यांच्या सुनेनं चहा आणून ठेवला. तो निवला तरी आम्ही दोघंही त्याला शिवलो नाही.

"तुम्ही बोलायचं होतं मास्तर," ते म्हणाले. "मी ऐकलं असतं."