वेंडेलच्या शेगडीला नळी

ऑल्डन प्युरिंग्टनने चाळीस वर्षं अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या डोंगरातल्या घरांची धुराडी बांधली. आता वय चौऱ्याहत्तर. गुडघे कुरकुरतात, पण हात अजून पक्के आहेत. ऑक्टोबरात पहिलं दव गोठलं, त्या सकाळी ब्रश, दांडे आणि शिडी घेऊन तो थेल्माच्या दारात उभा राहिला. थेल्मा त्याच्या कामातल्या जोडीदाराची, वेंडेल स्टॅनर्डची, बायको. वेंडेल एप्रिलमध्ये गेला होता.

"बरं झालं आलास. आज शेगडी पेटवणार होते," ती म्हणाली. "लाकूड दोन वर्षं वाळलंय. त्यानेच फोडून रचून ठेवलेलं."

"पेटवू नकोस. आधी ती बाहेर काढायची आहे."

"हात लावायचा नाही तिला. तुम्ही दोघांनीच बसवलीय ती."

"आम्ही बसवलीय म्हणूनच सांगतोय."

एकोणऐंशी साली तेल महागलं आणि सगळ्या डोंगराला लाकडाची आठवण झाली. उघड्या फायरप्लेसची, म्हणजे भिंतीतल्या चुलाण्याची, ऊब धुराड्यातून आभाळाला जायची, म्हणून जो तो त्या पोकळीत लोखंडी शेगडी मागू लागला. चारशे पौंडांची पेटी. ऑल्डन ढकलायचा, वेंडेल पहारीने उचलायचा आणि उचलताना गिऱ्हाइकाच्या घरच्या ॲपल-पायची तारीफ करायचा, म्हणजे जाताना डब्यात आणखी एक फोड मिळायची. कडेच्या फटींवर पत्रा ठोकला की काम संपलं. दिवसाला दोन घरं. शेगडीपासून धुराड्याच्या टोकापर्यंत नळी घालायला हवी होती, पण तेव्हा कुणीच घालत नव्हतं. धूर आपली वाट शोधील, म्हणायचे. तसा थकवा पुन्हा कधी आला नाही, आणि तशा जेवणाच्या सुट्ट्याही पुन्हा आल्या नाहीत.

"इतकी वर्षं पेटतेय," थेल्मा म्हणाली. "जळलं का घर?"

"रुंद धुराड्यात धूर रेंगाळतो. गार होतो, भिंतीला चिकटतो. डांबरासारखी काजळी धरते, आणि एका ठिणगीत सगळं धुराडं पेटतं. पलीकडच्या डोंगरावर एक घर तसंच गेलं. मग आम्ही दोघं तीन उन्हाळे घरोघर फिरून आमच्या प्रत्येक शेगडीला नळी घालत होतो."

"आणि इथे?"

"हे शेवटी करू, वेंडेल म्हणाला. मग म्हणाला, माझं धुराडं माझं मी झाडतो. थंडीत दर महिन्याला वर चढायचा."

थेल्मा खुर्चीत बसली. "मला वाटायचं, सिगार ओढायला जातो."

"तेही होतंच."

ती हसली आणि हसता हसता थांबली.

"आता दर महिन्याला कोण चढणार, थेल्मा? तू की मी?"

तिने शेगडीकडे बोट केलं. "नवी आणणार नाहीस ना?"

"लोखंडाला तडा नसेल तर हीच परत जाईल."

तडा नव्हता. दुसऱ्या दिवशी ऑल्डनचा पुतण्या रोलंड आला. त्याने आणि ऑल्डनने पेटी बाहेर ओढली. धुराडं झाडलं तेव्हा दीड बादली काजळी निघाली. वेंडेल गेल्यापासून कुणी वर गेलं नव्हतं. ऑल्डनने आरशाने आतल्या अस्तराची प्रत्येक भाजक्या मातीची वीट बघितली. एकही फुटलेली नव्हती. मग फायरप्लेसच्या गळ्यातली जुनी झडप कापली. आठ इंची स्टीलच्या नळीला उष्णता अडवणारी लोकर गुंडाळली. रोलंड छपरावरून ती सोडत होता. खाली थेल्मा गुडघ्यांवर बसून वर बघत होती.

"डावीकडे घे. अडकली. थोडी वर ओढ. हां, सोड आता."

"तुला कुणी शिकवलं?" ऑल्डनने विचारलं.

"पंचेचाळीस वर्षं तुमची बडबड ऐकलीय जेवताना."

शेगडी परत पोकळीत सरकवली आणि नळी तिच्या तोंडाला स्क्रूंनी जोडली. गळ्याभोवतीची मोकळी जागा पत्र्याने बंद केली, वर टोपी बसवली. ठिणग्या झेलणारी शेगडीपुढची दगडी फरशी मोजली, तर दोन इंच कमी भरली. ऑल्डनने ती वाढवल्याशिवाय काडी ओढू दिली नाही. त्यात आणखी एक दिवस गेला. भिंतीवर विषारी वायूचा इशारा देणारी डबी लावली, ती वाजवून बघितली.

थेल्माने बर्चच्या झाडाची साल पेटवली. धूर खोलीत न डोकावता सरळ वर गेला. काचेमागे लाकडाने पेट घेतला आणि ऊब गुडघ्यांपर्यंत आली.

"त्याने मला कधी सांगितलं कसं नाही?" तिने विचारलं.

"सांगितलं असतं तर तू पेटवू दिली असतीस?"

"एक दिवससुद्धा नाही."

"मग? त्याला ती पेटलेली आवडायची."

थेल्माने दार उघडून आणखी एक ओंडका आत सारला.