चाळिसाव्याचं घोडं

कालिपा आमच्या शेजारी नांदायला आली, त्या पहिल्याच हिवाळ्यात तिच्या सासूनं, बातमा अपानं, मला भिंतीवरून सांगितलं होतं, "जामाल, सून काटकसरी मिळालीय. पण चिक्कू नाही. चिक्कू बाई पोटाला मारते, ही उकिरड्याला मारते." मी तेव्हा गावातल्या बालवाडीत स्वयंपाकीण होते. दुसऱ्याच्या चुलीवर काय चाललंय हे मला वासावरून कळतं. अपा म्हणत होती ते खरं होतं.

शरदात खालच्या खोऱ्यात बटाटे काढायचे, तेव्हा सगळ्या बाया पहिल्या दिवशी मोठे बटाटे निवडायला धावायच्या. कालिपा अगदी शेवटी जायची. गोट्यांएवढे उरलेले बटाटे शेतकऱ्याला परत न्यायचे नसायचे, ते ती पोत्यानं उचलायची. सालासकट उकडून, तळव्यानं दाबून, मेंढीच्या शेपटीच्या चरबीत खरपूस परतले की पोरं ताटलीला बोटं लावून चाटत. हाडं ती दोनदा शिजवायची. पहिलं पाणी नूडल्सना, दुसरं जवाच्या पेजेला. चक्का बांधल्यावर गळलेलं पाणी फेकायचं नाही, त्यात कणीक मळायची. नदीकाठची आंबट फळं, डोंगरातला रानकांदा, गुलाबाची बोंडं, सगळं छपरावर वाळत पडलेलं असायचं. पाहुणा आला तर जेवणाच्या दस्तरखानावर हात ठेवायला जागा नसायची आणि त्यातलं दुकानातून आलेलं म्हणजे चहा, साखर, तेल. पीठसुद्धा तिचा नवरा एसेन आणायचा. तो खाणीवरून कोळशाचा ट्रक नारीन शहराला न्यायचा आणि परतताना रिकाम्या हौद्यात आमच्या गल्लीसाठी पिठाची पोती टाकून आणायचा.

आणि घोडं. बर्फ वितळायच्या सुमाराला लोकांचा चारा संपतो, तेव्हा बरगड्या मोजता येतील असं एखादं घोडं ती दोघं स्वस्तात घ्यायची. उन्हाळाभर ते वर कुरणात, एसेनचा थोरला भाऊ सापार गावकऱ्यांची घोडी राखायचा त्या कळपात. पुढे परसात जव खाऊन अंगाला चरबी धरायची. थंडी घट्ट झाली की कापायचं. कोठीत मांस आपोआप गोठतं, ते मार्चपर्यंत पुरायचं. त्यातली एक मांडी आम्ही विकत घ्यायचो. त्या पैशात थोडी भर घालून पुढच्या वर्षीचं मरतुकडं घोडं यायचं. असं ते चक्र कितीतरी वर्षं चाललं होतं.

मग एका शरदात, घोडं परसात जव खात असताना, एसेन गेला. ट्रक रस्त्याच्या कडेला नीट उभा होता, ब्रेक ओढलेला, इंजिन बंद. मागून येणाऱ्याला वाटलं, झोपलाय. डॉक्टर म्हणाले हृदय थांबलं.

अंगणात तंबू उभारला, त्याला आत ठेवलं. आमच्यात बायको तंबूत भिंतीकडे तोंड करून बसते आणि नवऱ्याच्या नावानं विलाप गाते. बाहेर येणारी जाणारी माणसं तो विलाप ऐकतात, आणि बाई कशी आहे ते ठरवतात. कालिपा काळा रुमाल बांधून बसली. गायली नाही. रडलीही नाही. तिची एक चुलतसासू तिच्या मागून गात होती, मधेच थांबून कुजबुजली, "अगं, निदान हुंदका तरी काढ." कालिपानं मान हलवली, जणू कुणी तिला चहा हवाय का विचारलं होतं.

"दगड आहे," बाया पाणी भरताना म्हणाल्या. "ट्रकवाल्याची बायको. भावना डिझेलवर चालतात."

मला ते दगडासारखं वाटलं नाही, पण कसं वाटलं तेही मला सांगता यायचं नाही. ती पहाटे उठायची, गाय पिळायची, चूल पेटवायची. पोरं वेळेवर शाळेत जायची. थोरली जिबेक दहावीत, खाली दोन मुलगे. दर गुरुवारी ती तेलात सात भाकऱ्या तळायची. तेलाचा वास गेलेल्या माणसापर्यंत पोचतो म्हणतात. भाकऱ्या मला भिंतीवरून देताना तिचे हात गरम असायचे, चेहरा मात्र कुठेतरी ठेवून आल्यासारखा.

चाळिसाव्या दिवसाचं गावजेवण जवळ आलं तसा सापार आला. हातात दावं होतं. मी तिच्याकडे नूडल्स कापायला बसले होते. बातमा अपा खोलीच्या वरच्या बाजूला, मानाच्या गादीवर, माळ ओढत होती.

"घोडं न्यायला आलोय," सापार म्हणाला.

"कुठं?" कालिपानं विचारलं.

"कुठं म्हणजे काय, कालिपा. चाळिसाव्याला कापायचं. दोन दिवस उपाशी ठेवावं लागतं आधी."

कालिपा कणीक लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "ते हिवाळ्याचं आहे, भाऊजी."

सापारला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. त्यानं अपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हिवाळा दरवर्षी येतो. भाऊ एकदाच मरतो."

"मेंढी आहे माझ्याकडे. ती घ्या. कणकेचे बोरसोक तळीन, नूडल्स करीन, कुणी उपाशी जाणार नाही."

"मेंढी." सापार हसला, पण तोंडच वाकडं झालं. "कुरमान म्हाताऱ्याचं चाळिसावंसुद्धा घोडं कापून झालं, आणि तो दारू पिऊन खड्ड्यात पडून मेला. एसेननं जन्मभर कोळसा ओढला आणि त्याच्या नावानं बायकोनं काय केलं, तर बटाटे उकडले. असं म्हणतील लोक."

"लोक दुपारी जेवतील आणि घरी जातील. पोरांना मार्चपर्यंत जेवायचंय. ट्रक मालकानं नेला. पीठ आता दुकानातून आणावं लागतं. आणि हे घोडं गेलं की पुढचं येत नाही, तुम्हाला माहीत आहे."

माळ थांबली. अपा म्हणाली, "माझा मुलगा गेलाय, कालिपा. आणि तू मांस मोजतेस."

"मी नाही मोजलं तर कोण मोजणार, अपा?"

हे तिनं आवाज चढवून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. भांडण झालं असतं, कुणीतरी रडलं असतं, मग मीही मधे पडले असते. पण ती किराणा दुकानात उभी असल्यासारखी बोलली. सापारनं दावं गुंडाळलं. "चल आई," म्हणाला. अपानं गादीखालून आपलं गाठोडं काढलं, चपला घातल्या आणि गेली. कालिपानं लाटलेली पोळी उलटी केली, पीठ भुरभुरलं आणि माझ्यापुढे सरकवली.

मी म्हटलं, "अगं, राग आला असेल तर बोल काहीतरी."

"राग नाही आला, जामाल एजे. वाईटही नाही वाटत. घोडं दिसतं, पोरं दिसतात, बर्फ येणार ते दिसतं. बाकी सगळं लोकरीच्या जाड नमद्याच्या पलीकडून ऐकू येतं." मग म्हणाली, "जरा बारीक काप. जाड नूडल रस्सा पिऊन टाकते."

चाळिसावं सापारच्या अंगणात झालं. त्यानं आपली दुभती गाय कापली. घोडं घ्यायची ऐपत नव्हती आणि मेंढीवर भागवणार नाही असा शब्द तर गावभर देऊन बसला होता. कालिपा मेंढी घेऊन गेली. ती त्यानं ठेवून घेतली. ती दिवसभर मागच्या बाजूला कढईपाशी ताटल्या धूत बसली. एकजण मुद्दाम जवळ येऊन म्हणाली, "घोडं बरं आहे ना गं?"

"बरं आहे," कालिपा म्हणाली. "जव खातंय."

चेष्टा उलटली की साधं उत्तर मिळालं, त्या बाईला कळेना. मलाही नाही कळलं.

डिसेंबरात पाणी बादलीत गोठायला लागलं तसं घोडं कापायची वेळ आली. सापार येणार नव्हताच. माझ्या नवऱ्यानं, दुइशेननं, आणि वरच्या गल्लीतल्या दोघांनी ते काम केलं. आम्ही बाया अंगणात आतडी धूत बसलो. जिबेकची बोटं लाल झाली होती. कालिपानं बरगड्यांवरचं मांस आणि चरबी मीठ-लसूण लावून आतड्यांत भरली, टोकं बांधली, कोठीत टांगली. काहीच वाया गेलं नाही. खुरांजवळची हाडंसुद्धा तिनं जाळून, खरवडून, उकळायला ठेवली. दुइशेन आमच्या वाट्याची मांडी खांद्यावर टाकून घेऊन गेला, मी पैसे तिच्या हातात दिले. तिनं ते न बघता ॲप्रनच्या खिशात घातले.

माकडहाडाचा तुकडा आमच्यात घरातल्या वडीलधाऱ्या बाईचा मान. कालिपानं तो ताटात ठेवला, वर स्वच्छ फडकं टाकलं आणि जिबेकला सापारकडे पाठवलं.

पोर तेच ताट घेऊन परत आली. "आजी म्हणाली, तिला दात नाहीत."

"दात आहेत," कालिपा म्हणाली, आणि तुकडा कोठीत नेऊन वेगळा टांगला.

त्या हिवाळ्यात बर्फ फार पडलं. खिंड बरेच दिवस बंद राहिली, दुकानात पीठ संपलं, मग तेल संपलं. आमच्या गल्लीतल्या चुलींवर बटाटा आणि बटाटाच होता. कालिपाच्या घरून मात्र रोज संध्याकाळी मांसाचा वास यायचा. एवढासाच तुकडा, पण हाडासकट, जवासकट, वाळवलेल्या रानकांद्यासकट. तिनं पोरांना कधी कोरडी भाकरी दिली नाही. ती स्वतःही त्यांच्याबरोबर बसून जेवायची, वाटी संपवायची, धुवायची.

जानेवारीत एके दुपारी बातमा अपा चालत आली. काठी टेकत, गुडघाभर बर्फातून. मी खिडकीतून पाहिलं आणि अंगावर शाल टाकून धावले, वाटेत पडली तर उचलायला माणूस हवं म्हणून. दारात कालिपानं तिचे बूट काढले, पाय चोळले. अपा मानाच्या गादीवर जाऊन बसली, जणू सकाळी उठून बाहेर गेली होती.

"तिकडे चहा काळा असतो," ती म्हणाली. "लहान पोरंसुद्धा काळाच पितात."

कालिपानं कोठीतून तो टांगलेला तुकडा आणला. संध्याकाळपर्यंत तो शिजला. सगळ्यांना वाढलं, मलाही थांबवून घेतलं. अपानं रश्श्याचा घोट घेतला, वाटी खाली ठेवली.

"मीठ नाही."

"असेल, अपा. मी टाकलं."

"नाही."

कालिपानं आपल्या वाटीतला घोट घेतला. तोंडात धरून ठेवला. तेवढ्यात मी जिबेककडे पाहिलं. तिच्या मांडीखाली मिठाची पुडी होती. धाकटा मुलगा म्हणाला, "आम्ही नंतर घालून घेतो. कधी नसतं, कधी दोनदा असतं. दोनदा असलं की पाणी पितो."

"कधीपासून?" अपानं विचारलं. विचारलं मुलाला, पाहिलं कालिपाकडे.

"मला चव लागत नाही," कालिपा म्हणाली. "सवयीनं टाकते. तंबू उभारला होता तेव्हापासून असेल. लक्षात नाही आलं."

पोरांनी एवढे दिवस हे आईपासून लपवून ठेवलं होतं आणि आता पुडी कुठे ठेवावी ते जिबेकला सुचत नव्हतं. अपानं हात पुढे केला. पुडी घेतली, स्वतःच्या वाटीत चिमूट टाकली, मग कालिपाच्या वाटीत टाकली, ढवळली.

"उद्यापासून पळी आधी माझ्याकडे आण," ती म्हणाली. "एवढं मांस राखलंस, ते अळणी खाऊ घालू नकोस."

त्यानंतर तसंच सुरू झालं. कढई उतरायच्या आधी कालिपा पळी घेऊन गादीपाशी यायची, अपा फुंकर घालून चाखायची आणि म्हणायची, थोडं अजून, किंवा पुरे. सासू-सुनेत दुसरं काही बोलणं झालं असेल तर ते मी ऐकलं नाही. दुसऱ्या आठवड्यात कालिपानं जिबेकबरोबर सापारच्या घरी दुधाची बरणी धाडली, आणि चुलतभावंडांसाठी बरगडीचा तुकडा. मग रोजच बरणी जायला लागली. सापार काही दिवस आला नाही. एकदा आला तो घसरगाडीवर गवताच्या पेंढ्या घेऊन. गोठ्यात टाकल्या, कोठीत डोकावला, म्हणाला, "चरबी चांगली धरली होती त्यानं."

"जव खायचं," कालिपा म्हणाली.

"हं." तो चहा न घेता गेला, पण टोपी घालताना अपाला म्हणाला, शेजाऱ्याची गाय विणार आहे, कालवड मिळते का बघतोय.

बर्फ वितळल्यावर आम्ही दोघी गुरांच्या बाजारात गेलो. तिनं एक तांबडी घोडी घेतली, एवढी खंगलेली की विकणाराच लाजत होता. ती सापारच्या कळपात गेली.

वर्षाचं जेवण तिनं स्वतःच्या अंगणात केलं. मेंढ्या दोन होत्या, एक तिची, एक सापारनं न सांगता आणून बांधलेली. घोडं नाही. लोक आले, जेवले. काहींनी परतताना नाकं मुरडली, काहींनी उरलेलं डब्यात भरून मागितलं. काळा रुमाल उतरवायच्या वेळी म्हाताऱ्या बायांनी तिला विलाप गायला सांगितलं, आता तरी म्हण म्हणून. तिनं चार ओळी म्हटल्या. आवाज बसका, सपाट. एसेन ट्रक कडेला कसा नीट लावून गेला, कुणाला वाट अडवली नाही, एवढंच त्यात होतं. मग ती थांबली. पुढच्या ओळी तिच्याकडे नव्हत्या. बाया वाट पाहत राहिल्या आणि शेवटी चुलतसासूनं सूर उचलून धरला.

संध्याकाळी कढया घासताना मी तिला विचारलं, "चव आली का गं थोडी?"

"आंबट कळतं," ती म्हणाली. "परवा घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा घोट घेतला, तर जीभ आक्रसली. बाकी अजून नाही."

उरलेली हाडं तिनं मोठ्या पातेल्यात टाकली, सकाळी जव घालायला. मी माझी पातेली उचलली आणि भिंतीवरून पलीकडे ठेवली.