फोड न येणारे पाय

ड्रिल सर माणसाच्या तोंडाकडे नंतर बघत, आधी पायांकडे. पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा मी दारात उभी राहून नाव सांगत होते आणि सर माझ्या चपलेतून डोकावणाऱ्या अंगठ्याकडे बघत होते. "नखं गोल कापता तुम्ही," ते म्हणाले. "सरळ कापत जा. उतारावर पाय बुटात पुढं सरकतो, गोल नख मांसात घुसतं. या आत." एवढ्यावर माझी भरती झाली. विम्याच्या कचेरीत बसून बसून माझ्या देहाचं जे काही झालं होतं, त्याबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही.

उस्मानपुऱ्यातल्या एका शाळेत सरांनी जन्मभर कवायत शिकवली होती. मूळचे सोयगावकडचे, बोलणं शेवटपर्यंत तिकडचंच. निवृत्त झाल्यावर शाळा सुटली, पण गळ्यातली शिट्टी सुटली नाही. मग डॉक्टरांनी 'चाला, नाहीतर गोळ्या घ्या' म्हणून हाकललेली आमच्यासारखी चाळिशी-पन्नाशीची माणसं त्यांनी गोळा केली. दर हिवाळ्यात ते आम्हाला सह्याद्रीत तीन-चार दिवस चालायला नेत आणि त्याआधीचे चार महिने अक्षरशः पिळून काढत.

बुटांच्या बाबतीत ते फारच कडक. आमच्यातले एक बँकेतले गृहस्थ निघायच्या आठवड्यात भारीतले नवे बूट घेऊन आले आणि सगळ्यांना दाखवू लागले. सरांनी त्यांना सरळ जुन्या बुटांवर यायला सांगितलं. बूट म्हणजे सोयरीक, ते म्हणायचे. महिना-दीड महिना आधी घरी आणा, भाजीला न्या, कचेरीत न्या, काय भांडण व्हायचं ते इथंच होऊ द्या. पुढच्या वर्षी हे गृहस्थ इस्त्रीच्या पँटखाली डोंगरातले बूट घालून काउंटरवर बसत, आणि लोक पैसे भरायच्या आधी वाकून बघत.

सरावाला ते सलग दोन दिवस बोलवत. शनिवारी गोगाबाबाची टेकडी, रविवारी दौलताबादचा किल्ला. एकाच दिवशी जास्त चालून भागणार नाही का, असं मी विचारलं तर म्हणाले, "पहिल्या दिवशी कुणीबी चालतं मॅडम. मला तुमचे दुसऱ्या दिवशीचे पाय पाहिजेत." पाठपिशवीत वजन म्हणून पाण्याच्या बाटल्या भरायच्या, वर पोचलो की ते पाणी एखाद्या झाडाला घालायचं आणि हलक्या पिशवीनं उतरायचं. चढताना छाती भरते, पण खरं नुकसान उतरताना गुडघ्याचं होतं, आणि गुडघे काही दुकानात मिळत नाहीत, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. क्रांती चौकात गुडघे बदलून देणाऱ्यांच्या मोठमोठ्या पाट्या लागल्या आहेत, हे त्यांना सांगायची कुणाची टाप नव्हती.

चालणं संपलं की कट्ट्यावर ओळीनं बसायचं आणि मोजे काढायचे. सर उकिडवे बसून एकेकाचा पाय मांडीवर घेत. आम्हा बायकांना सुरुवातीला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण सर पाय असा बघत, जसा सोनार दागिना बघतो. अंगठ्यानं दाबत जायचं आणि विचारायचं, इथं दुखायलंय का, अन् इथं? लाल दिसलं की फोड यायच्या आधीच चिकटपट्टी. चालताना जराही गरम लागलं तर सगळी रांग थांबवून बूट काढायचा, लाजायचं नाही, हा हुकूम होता. आणि कुणी कळवळून 'दुखतंय' म्हटलं की ते समाधानानं मान हलवत. "दुखायलंय म्हणता? मग फिकीर नाय."

त्यांचे स्वतःचे मोजे मात्र कधी निघाले नाहीत. शाळेच्या गणवेशातले असावेत तसे राखाडी, जाड मोजे, बारा महिने. कुणाला पायाला हातही लावू देत नसत. एका गुरुपौर्णिमेला आमच्यातली एक जण वाकली तर ते चटकन दोन पावलं मागं सरले आणि म्हणाले, माणसानं माणसापुढं वाकायचं नसतं. आम्हाला ते फार आवडलं. ते त्यांचं खरंखुरं मत होतं, याबद्दल मला आजही शंका नाही. पण एका मताच्या आड माणूस दुसरंही काही ठेवू शकतो, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात येणार?

सरांना साखर होती. ते त्यांनी कधी लपवलं नाही, चहा बिनसाखरेचा घेत आणि तोंड वाकडं करत. अर्ध्या शहराला साखर आहे, त्यात काय बघायचं! आम्ही कौतुक करत होतो ते वेगळ्याच गोष्टीचं. सरांना फोड येत नसत. कितीही चालोत, कुठल्याही बुटात चालोत, सर कधी लंगडले नाहीत की कधी 'आई गं' म्हणाले नाहीत. नव्या माणसाला आम्ही ही गोष्ट पहिल्याच दिवशी सांगत असू.

एका एप्रिलमध्ये टेकडीवरच्या देवळापाशी आम्ही बूट काढून उभे होतो. ऊन डोक्यावर आलेलं, फरशी तव्यासारखी तापलेली. आम्ही एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत सावलीकडे पळालो. सर मात्र मोज्यांवर तिथेच, भर उन्हात, पाठपिशवी कशी भरायची ते सांगत राहिले. जड सामान पाठीला चिकटून, झोपायचं तळाला, गूळ-फुटाणे हाताशी, आणि सगळं एका मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत, म्हणजे ओलं होत नाही. सांगून पूर्ण होईपर्यंत ते हलले नाहीत. बँकेतल्या गृहस्थांनी विचारलं तेव्हा म्हणाले, सवय लागते.

घरी येऊन मी ही हकिगत रंगवून सांगितली. माझ्या सासूबाई गवार मोडत बसल्या होत्या. त्यांच्या सख्ख्या बहिणीला साखरेनं नेलं होतं. त्यांचा हात थांबला. "त्या माणसाला पाय दाखवायला सांग कुणाला तरी," एवढंच त्या म्हणाल्या आणि पुन्हा गवार मोडू लागल्या. मी पुढच्या शनिवारी सरांना तसं सांगितलंही. सरांनी सासूबाईंना नमस्कार सांगायला सांगितलं आणि शिट्टी वाजवली.

त्या डिसेंबरात आम्ही रतनगडावरून हरिश्चंद्रगडाकडे निघालो. दुसऱ्या दिवशी कात्राबाईच्या खिंडीत माझ्या दोन्ही टाचा गेल्या. गरम लागत होतं, पण मागच्यांना थांबवायला नको म्हणून मी रेटलं आणि शेवटी भर खिंडीत बसून लहान पोरीसारखी रडले. सर ओरडतील असं वाटलं होतं. ते खाली बसले, माझी टाच मांडीवर घेतली, सुई तापवून फोडातलं पाणी काढलं. कधी नव्हे ते फार वेळ घेतला. कसं दुखतंय, जळजळ होते की ठणका लागतो, तो ठणका किती वर चढतो, असं पुन्हा पुन्हा विचारत राहिले. कवायतीच्या मास्तरात इतकी माया असेल असं मला वाटलं नव्हतं.

संध्याकाळी कुमशेतला एका घरी जेवणाची सोय होती. अंगणात भिंतीला लावून आमचे बूट ठेवले होते. घरचा कुत्रा आला, एकेक बूट हुंगत गेला आणि सरांच्या बुटापाशी थांबला. घरधनिणीनं हाकललं तर लांबून फिरून परत तिथेच आला. सर मोज्यांवर बसून चहा पीत होते. त्यांनी एकदा कुत्र्याकडे पाहिलं, मग उठून बूट आत नेऊन ठेवले. आम्ही कुत्र्याला हसलो.

सकाळी मी त्यांच्या मागून चालत होते. वाट कातळावरून जात होती, कोरडी ठणठणीत. सरांच्या उजव्या टाचेचा ओला ठसा दर पावलाला कातळावर उमटत होता. काळपट, चिकट. जवळपास कुठेही पाणी नव्हतं. सर, बुटात पाणी गेलंय का, मी विचारलं. ते थांबले, वळून त्या ठशांकडे बघितलं. "गेलं असंल," म्हणाले, आणि मला पुढं जायला सांगितलं. हळू चालणाऱ्यानं पुढं राहायचं, हा त्यांचाच नियम. त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. पाचनईपर्यंत ते सगळ्यांच्या मागे, एकटे चालत राहिले.

पाचनईला पोचेपर्यंत त्यांना हुडहुडी भरली होती. ओसरीवर आडवं करून आम्ही बूट ओढला तो निघेना, पाय त्यात सुजून बसला होता. शेवटी बूट कापला. तळव्यातून बाभळीचा काटा आत गेला होता, बुटाचा तळ फोडून, अख्खा. कधी गेला ते सर सांगू शकले नाहीत. आणि काट्याच्या भोवती जे होतं ते दोन-तीन दिवसांचं नव्हतं, महिन्यांचं होतं. मला तिथेच सासूबाईंचा थांबलेला हात दिसला. सर तापात बडबडत होते, गड राहिलाय, तुम्ही चढून या. कुणीही चढलं नाही. जीपमध्ये त्यांचं डोकं मांडीवर घेऊन आम्ही परतलो. चार दिवसांनी गुडघ्याखालून पाय काढला.

दवाखान्याच्या जिन्यात काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. त्यांनाही सर दोन वर्षं पाय बघू देत नव्हते. न्हाणीला आतून कडी लावून धुवायचे, पट्टी स्वतःच बांधायचे. मी न राहवून विचारलं, का? "डॉक्टरांनी पहिल्याच तपासणीला डोंगर बंद म्हणून सांगितलं होतं," काकू म्हणाल्या. "मग परत मोजा काढून दाखवायचा कुणाला?"

मला सरांचा अजूनही राग येतो. आमच्या टाचेवर लाल ठिपका दिसला तर सगळी रांग थांबवणारा माणूस, स्वतःच्या पायाला असं वागवतो? डोंगर बंद झाला असता तर काय झालं असतं? रविवारी सकाळी कट्ट्यावर बसले असते, आमच्यावर ओरडले असते, आम्ही गड करून आलो की आमचे पाय बघितले असते. पण हा हिशेब माझा झाला. त्यांचा वेगळा होता, आणि तो त्यांनी एकट्यानं मांडला होता.

त्यानंतर सर वर्षभर होते. रविवारी चालून झालं की आम्ही त्यांच्या घरी जायचो. पलंगावर बसून ते आमचे पाय तपासत, नखं बघत, नव्या माणसाला बुटाची सोयरीक समजावत. हसतही. डाव्या पायात मोजा तसाच असायचा. काकूंनी मला एकदा बाजूला घेऊन सांगितलं होतं की डॉक्टर आता त्या पायाबद्दल बोलायला लागलेत.

एका रविवारी बाकीचे गेले आणि मी मागे राहिले. काकू स्वयंपाकघरात होत्या. सर म्हणाले, "कात्राबाईला तुम्ही रडायल्या होत्या ना मॅडम, तवा मला तुमचा लई हेवा वाटला."

मग पांघरुणाची कड ओढत म्हणाले,

"जळजळ म्हणजे कशी असती, तेच आठवंना झालं होतं. म्हणून इचारत होतो तुम्हाला."

त्यांनी पांघरूण बाजूला केलं आणि वाकून स्वतःच्या हातानं मोजा काढला. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा सरांचा पाय बघत होते. साधा पाय, कोरडा, स्वच्छ, टाचेला एक भेग. नखं सरळ कापलेली. हाही जाईल म्हणतेत, ते म्हणाले. मला त्यांनी दाबायला सांगितलं. कुठं कळतं ते मी सांगतो, म्हणाले.

मी पाय मांडीवर घेतला. सरांनी तोंड भिंतीकडे वळवलं. अंगठ्याच्या खाली दाबलं, मग चवड्यावर, मग तळव्याच्या मधोमध, मग टाचेला. बोटं एकेक करून चिमटीत धरली. मग दोन्ही अंगठे लावून, माझीच नखं पांढरी पडेपर्यंत जोर केला. आत काकूंच्या कुकरची शिट्टी झाली. सर वाट बघत होते.

"लाजता कशाला," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "दाबा की."